पिवळ्या दोरीची दोन पोती

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस दौंड आणि शिरूर या दोन्ही तालुक्यांत मिळून दुसरा नसेल, हे मी कुठल्याही देवळात उभं राहून सांगायला तयार आहे. गाडीला किक मारण्याआधी ते दोन्ही चाकांची हवा बघतात, ब्रेक दाबून बघतात, आरशात मागचं बघतात आणि मग खाली उतरून आरशात न दिसणारं मागचंही बघतात. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले की परत येतात, कुलूप ओढून बघतात, आणि आपण ओढल्यामुळं ते ढिलं तर झालं नाही ना म्हणून पुन्हा ओढतात. आमची सासुरवाडी एकच, कारण माझी बायको थोरली आणि त्यांची धाकटी. एका दिवाळीला सासऱ्यांनी त्यांना हसून ‘या, बसा’ म्हटलं, तर जेवण होईपर्यंत हे माझ्या कानाशी कुजबुजत होते, “साडूभाऊ, मामा आज हसत्यात. कुणाची तब्येत बिघडली का काय? आपल्यापासनं लपवत तर न्हाईत ना?” अशा माणसानं खरं तर किराणा दुकान काढावं, तेही भरवस्तीत, पोलीस चौकीसमोर. यांनी धंदा काढला तो भांगेचा!

दचकलात ना? सगळेच दचकतात, म्हणून आधीच सांगून टाकतो, नाहीतर हे वाचून साडू मला फोन करतील की तुम्ही खुलासा का केला नाही. भांगेच्या झाडाचं पान आणि फूल वेगळं, बी वेगळं. बियांत नशा नसते. पहाडातले लोक ते भाजून चटणीला वाटतात, त्याचं तेल काढतात, आणि ते खायला सरकारची रीतसर परवानगी आहे. साडू रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला होते तेव्हा त्यांच्या लाइनवरचा एक पहाडी गडी ही चटणी डब्यात आणायचा. पहिल्यांदा ते नाव ऐकून साडू कँटीनमधून ताट घेऊन उठले होते म्हणे. पण चव जिभेवर राहिली. मग त्यांनी दोन वर्षं कायदा वाचला, एक वर्ष वकिलाला वाचायला लावला, आणि नोकरी सोडून भांडगावच्या पुढं, आमच्या गावच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकून तेलाचा घाणा बसवला. पहाडातल्या परवानेवाल्या शेतकऱ्यांकडून कागदपत्रांसकट बी येतं, इथं चाळतात, घाण्याला घालतात. तेल, चटणी, साबण. कामाला गावातल्या सहा बायका आणि एक टेम्पोवाला. धंदा बरा चालतो, पण मालक एक दिवस सुखानं बसलेला कुणी पाहिलेला नाही.

त्यांच्या काखेत कायम एक निळी फाइल असते. तीत परवान्यांच्या प्रती, प्रयोगशाळेचे दाखले आणि ‘बियांत नशा नसते’ असं चार भाषांत टाइप केलेला कागद. लग्नात आहेर द्यायला गेले तरी फाइल बरोबर, हळदीला बसले तरी मांडीवर. कुणी नुसतं ‘काय चाललंय सध्या?’ विचारलं की हे आधी कागद काढणार आणि मग तोंड उघडणार. गिऱ्हाइकाचा विश्वास बसेना तर त्याच्यासमोर चमचाभर चटणी खाऊन शेडच्या दारापासून आंब्याच्या झाडापर्यंत सरळ रेषेत चालून दाखवतात. एकदा चालताना चप्पल तुटून धडपडले, तर ते गिऱ्हाईक पिशवी तिथंच ठेवून पळालं. दर महिन्याला स्वतःहून ठाण्यात जाऊन ‘साहेब, आमचं एकदा तपासून घ्या’ म्हणून विनवायचे. तिथले साहेब सज्जन. दोनदा येऊन सगळं बघून गेले, कागद बरोबर आहेत म्हणाले. तरी हे पुढच्या महिन्यात हजर. शेवटी साहेबांनी हात जोडले. “काका, तुमच्याइतकं तर चोरटंबी घाबरत न्हाईत. घरी जावा.” यावर साडू मला म्हणाले, “बघा, चोरांशी तुलना केली. मनात कायतरी आसल त्यांच्या.”

आता हा माणूस माळाच्या नादी कसा लागला ते सांगतो, कारण तेही भीतीपोटीच घडलं. शेडला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पाहिजे होता. ग्रामसभेत नुसता गोंगाट. भांगेचा घाणा आपल्या गावात नको, पोरं बिघडतील, वगैरे. तेवढ्यात मागून आबा उठले. आबा म्हणजे गावातले सगळ्यात जुने मेंढरंवाले. घरात आता ऊस आहे, नातू बँकेत आहे, पण म्हातारा अजून शंभर मेंढरं राखून आहे. आबांनी काठी टेकवून शांतपणे विचारलं, “तुझ्या घाण्यानं आमच्या मेंढरांस्नी काय मिळनार हाय रं?” साडूंची पाचावर धारण बसली. काय बोलावं सुचेना, आणि तोंडातून निघून गेलं, “म्या... म्या माळ राखीन, आबा.” मलाही कळेना हे कुठून आलं. नंतर विचारलं तर म्हणाले, “मला पानी मागायचं व्हतं, साडूभाऊ. निघालं ते.” पण निघालं ते निघालं. गावाच्या मागं साठ एकर गायरान आहे. त्याला कुणी वाली नव्हता. वेडी बाभूळ माजलेली, रस्त्याच्या कडेनं प्लॅस्टिक, आणि एका कोपऱ्यातून मुरूम उचलणारे हळूहळू आत सरकत होते. सभेनं तीन वर्षांचा ठराव केला: घाण्यावाल्यांनी आपला फलक लावून माळ राखायचा, गवत आबांच्या आणि बाकीच्यांच्या जनावरांना ठरल्या हंगामात मोकळं, आणि तोवर मुरूम बंद.

आमच्याकडं गुरुवारी लाइट जाते, घाणा तसाही बंद असतो. त्या दिवशी सहाही बायका, टेम्पोवाला आणि साडू विळे-कुदळी घेऊन माळावर. पगार चालू, वर तेलाच्या दर बाटलीतला एक हिस्सा माळाचा. माझ्या कंपनीची सुट्टीही गुरुवारीच, त्यामुळं बायकोनं मलाही त्यात ढकललं. मी रांजणगावला दुसऱ्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. सहा दिवस चौफुला-न्हावऱ्याच्या रस्त्यानं कंपनीच्या बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि सातव्या दिवशी वेड्या बाभळीचे काटे टोचून घ्यायचे, हे कुठल्या जन्माचं पाप म्हणून मी पहिलं वर्षभर कुरकुरत होतो. नंतर नंतर मात्र बुधवारी रात्रीच विळ्याला धार लावून ठेवू लागलो, हे कबूल केलं पाहिजे.

कारण माळावर साडू बघण्यासारखे असत. गवतातला पवन्या कुठला, मारवेल कुठलं, शेडा कुठला, हे आबांकडून शिकले आणि मग आबांनाच विचारू लागले, “आबा, ह्या पवन्याचा रंग आज पिवळट वाटतुय, आजारी तर न्हाई?” आबा म्हणायचे, “आरं गवत हाय त्ये, त्याला काय ताप येतो व्हय?” माळावर लांडग्याची एक जोडी आहे. चार दिवस दिसली नाही तर साडूंना काळजी की मेली, आणि दिसली तर काळजी की कुणाचं कोकरू नेणार. एकदा खरंच आबांचं कोकरू नेलं. साडू पांढरी टोपी घालून आबांच्या ओसरीवर जाऊन दोन तास मान खाली घालून बसले. आबांची म्हातारी आत कुणाला तरी म्हणत होती, “ह्यो कोन मेल्यावानी आलाय?” शहरातून कुठली तरी मंडळी फलक आणि शेकडो रोपं घेऊन झाडं लावायला आली, तेव्हा तर कमाल झाली. साडू फाइल छातीशी धरून रस्त्यात आडवे उभे राहिले. “साहेब, पाया पडतो, पन इथं झाड नगं. ह्यो माळ हाय. माळाला गवतच पायजे. झाड आलं की चिंकारा जाईल, लांडगा जाईल, आन् मेंढरं कुठं जातील?” पाहुणे रागावून गेले. साडूंना दोन दिवस ताप आला. पण रोपं शाळेच्या कुंपणाला लागली, माळ माळच राहिला.

आणि तीन वर्षांत तो माळ खरंच भरला हो. मोकळ्या जमिनीवर गवत वाढवायची आबांची जुनी रीत होती, तीच यांनी धरली. दिवाळीनंतर पिकल्या गवताचं बी झाडून ठेवायचं, ते लेंडीखतात कालवून पोत्यांत भरायचं, पावसाच्या तोंडावर माळावर फेकायचं आणि वरून मेंढरं फिरवायची. खुरांनी बी दाबलं जातं, वाऱ्यानं उडत नाही. साडूंनी यात फक्त क्वालिटीची शिस्त घातली. गवताच्या बियांच्या पोत्याला हिरवी दोरी. घाण्यात बी चाळताना खाली जे पडतं, त्या कचऱ्यात एखादं धड बी राहू शकतं, म्हणून तो कचरा ते कधी तसा फेकत नसत. कुणाच्या तरी बंद पडलेल्या गुऱ्हाळातली रस आटवायची काहील त्यांनी आणून ठेवली होती. कचरा काहिलीत उकळायचा, बी मेल्याची खात्री करायची, तेव्हाच तो खत म्हणून माळावर जायचा. उकळायचं बाकी असेल ते पोतं लेंडीखत मिसळून पिवळ्या दोरीनं बांधून कोपऱ्यात उभं. त्यांच्या क्वालिटीत पिवळा म्हणजे ‘थांबा, तपासणी बाकी.’

आणि आमच्या डिस्पॅचला पिवळा म्हणजे ‘हा माल आजच गेला पाहिजे.’

आता काय घडलं असेल ते तुमच्या लक्षात आलंच. त्या गुरुवारी साडू पुढं माळावर गेले होते, आबा मेंढरं घेऊन वाट बघत होते, आणि पोती भरून आणायचं काम माझ्याकडं होतं. नऊ हिरवी भरली. कोपऱ्यात दोन पिवळी दिसली. बारा वर्षं डिस्पॅचमध्ये काढलेला माणूस मी, पिवळं मागं ठेवणं माझ्या हाताला जमेचना. ‘बघा, ऐन वेळेचा माल राहून जात होता,’ असं स्वतःशीच म्हणत मी ती दोन्ही पोती उचलून सगळ्यात वर ठेवली. माळावर बायकांनी ओंजळी भरभरून फेकलं, आबांनी मेंढरं फिरवली, आणि सगळ्यांनी झाडाखाली बसून भाकरी खाल्ली. साडू त्या दिवशी त्यातल्या त्यात निवांत होते. “कायतरी इसरल्यासारखं वाटतंय,” असं फक्त दोनदाच म्हणाले.

पुढच्या गुरुवारी त्यांनी काहील पेटवली आणि कोपऱ्यात गेले. मी बाहेर चहा पीत होतो. “साडूभाऊ, हितली दोन पिवळी कुठं हायेत?” मी म्हटलं, “गेली की माळावर. राहात होती, मीच घातली.” कप ठेवून आत जाऊन बघतो तर साडू जमिनीवर बसलेले, आणि तोंडाचा रंग काहिलीच्या राखेसारखा. मला वाटलं होतं आता हा माणूस माझ्यावर ओरडेल, डोकं आपटेल, निदान रडेल तरी. ते इतकंच म्हणाले, “आठ दिस झाले. पाऊसबी झालाय.” मग मलाही कळलं. गावाच्या गायरानात भांग! आपल्याकडं तिची लागवड म्हणजे गुन्हा. त्यात तीन वर्षांचा ठराव संपत आलेला, ग्रामसभा बारा दिवसांवर, आणि मुरूमवाला ठेकेदार घरोघर फिरून सांगत होता की हा गांजावाला माळ बळकावून बसलाय. एक रोप जरी त्याच्या नजरेला पडलं असतं तरी साडू आत, घाणा बंद, आणि माळावर दुसऱ्या दिवशी जेसीबी.

मी म्हटलं, “गप राहू. उगवलं तर उपटू. कशाला बोंब मारायची?” दुसऱ्या दिवसापासून रजा टाकली आणि सकाळी सहाला आम्ही दोघं गुडघ्यांवर माळ पालथा घालू लागलो. साठ एकर माळ, आणि आम्ही हातानं एकेक कोंब वेगळा करून बघतोय. कुणी विचारलं तर ‘चावी हरवलीय’ सांगायचं ठरलं होतं. पण तिसऱ्या दिवशी अर्धं गाव ‘कशाची चावी?’ विचारत आमच्याबरोबर शोधायला आलं, त्यांना परत घालवता घालवता नाकी नऊ आले. त्याच दिवशी, माणसं गेल्यावर, आबांच्या मेंढरं कोंडायच्या जाळीशेजारी आम्हाला ते दिसलं. वीतभर उंच, कातरलेल्या पाच बोटांची पानं, चांगली ओळीनं तीस-चाळीस रोपं. साडूंनी डोळे मिटले. मी उपटायला सुरुवात केली. दहा दिवसांत वीतभर कसं वाढेल आणि फेकलेलं बी ओळीत कसं उगवेल, हा प्रश्न दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. सगळी रोपं पिशवीत कोंबली, आणि मग साडूंच्या लक्षात आलं की आता ती आपल्या हातात आहेत. “साडूभाऊ, आता तर मुद्देमालासकट हाय आपुन!” तसेच पळत शेडवर, पिशवी काहिलीत, खाली जाळ. अर्धा तास रटरटा शिजवलं.

तेवढ्यात आबांची म्हातारी कमरेवर हात ठेवून दारात. “माझी अंबाडी कुनी उपटली रं? वळवाच्या पावसावर लावली व्हती. कुनाचे हात झडले?” आम्ही एकमेकांकडं पाहिलं. अंबाडी! अहो, जन्मभर भाजी खाल्लेली माणसं आम्ही, पण भीतीनं पान ओळखू आलं नाही. साडू पुढं झाले आणि त्यांनी म्हातारीच्या पायावर डोकंच ठेवलं. डोळ्यांत पाणी. “मावशी, अंबाडी हाय व्हय ही? अंबाडीच हाय ना नक्की?” म्हातारीनं काहिलीत डोकावून बघितलं, वास घेतला आणि म्हणाली, “शिजवलीच हाय, तर आता दे की. फोडनी म्या घालते. येडं कुठलं!” ते पातेलंभर तिला देऊन आम्ही इतके हसलो, इतके हसलो की पोट दुखलं. त्या रात्री साडू म्हणे कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

पण पाचव्या दिवशी उगवतीकडच्या उतारावर खरी रोपं सापडली. सात. बोटभर उंच, करवतीच्या दात्यांची इवली पानं. साडूंनी पहाडात जाऊन पाहिलेली होती, त्यांनी हातही न लावता ओळखली. मी हात पुढं केला तर त्यांनी माझं मनगट धरलं. “न्हाई. ही सात दिसली, म्हंजी न दिसलेली किती आसतील? माळ गावाचा हाय. उद्या भादव्यात मोठी झाली, आन् आबांच्या मेंढरामागं पोलीस उभं ऱ्हायलं, तर? म्हातारा काय सांगंल?” मी म्हटलं, “अहो, घाणा जाईल तुमचा!” ते म्हणाले, “ते हायेच.” आणि फाइल काखेत मारून स्वतः ठाण्यात गेले. साहेब आले, पंचनामा झाला, रोपं उपटली, सगळा उतार बायकांना बरोबर घेऊन पुन्हा दोनदा पालथा घातला. आणखी चार निघाली. साहेबांनी कागद ठेवून घेतले, चौकशी पुढं चालेल म्हणाले, आणि जाताना साडूंच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात कशासाठी, याची काळजी साडूंना अजून आहे.

ग्रामसभेला त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. ठेकेदार पुढच्या ओळीत. साडू उठले. पाय इतके कापत होते की धोतराची निरी हलताना लांबून दिसत होती. म्हणाले, “माझ्या घाण्यातलं बी माळावर गेलं. अकरा रोपं निघाली. चूक माझी हाय. गाव म्हणंल ते मला मान्य हाय, फक्त माळ खोदू नगा.” कुणीतरी ओरडलं, “पोती कुनी भरली? त्याचं नाव सांग!” मी भिंतीला टेकून उभा होतो. आता नाव येणार, आता येणार, असं वाटत राहिलं. पुढं व्हावं, सांगावं, असं मनात आलं. नाही असं नाही. पण डोळ्यांसमोर कंपनीचं गेट आलं, बायको आली, आणि मी चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिलो. साडू म्हणाले, “दोरी माझी व्हती. रंगाचा अर्थ म्या भितीवर लिहून लावला न्हवता. म्हंजी चूक माझीच.”

मग बराच आरडाओरडा झाला. शेवटी आबा उठले आणि तोडगा निघाला. माळ गावच राखेल, मुरूम कायमचा बंद. पण घाण्याचा फलक माळावरून काढायचा आणि घाण्यावाल्यानं पुन्हा माळावर पाय ठेवायचा नाही. आबांनाही ते सांगताना जड गेलं असावं, त्यांनी साडूंकडं बघितलं नाही. साडू मात्र घाईघाईनं म्हणाले, “चालंल, चालंल. माळ ऱ्हायला ना?” घरी येताना मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलं. तर म्हणाले, “रांजणगावला कळलं आसतं, तर तुमाला गेटवरच आडवलं आसतं. थोरल्या ताईंचं कसं झालं आसतं? मला तर झोपच लागली नसती.”

ठाण्यातली चौकशी ताकीद देऊन मिटली, घाणा चालू राहिला. गुरुवारी बायका आता गावकरी म्हणून माळावर जातात, गावातली आणखी दहा-पंधरा माणसंही येतात. आणि साडू? ते येतात, पण रस्त्यापर्यंत. सडक सरकारी आहे, तिच्यावर उभं राहायला ठराव आडवा येत नाही ना, हे त्यांनी ग्रामसेवकाकडून लेखी घेतलंय, कागद फाइलीत आहे. सडकेच्या कडेला पाण्याचा माठ घेऊन उभे राहतात आणि हातवारे करतात. मी पाणी प्यायला गेलो की प्रश्नांची सरबत्ती. “उतारावर पवन्या किती आला? हातानं दावा. लांडगी दिसली का? पोटुशी व्हती. आबांचा गुडगा कसा हाय? मला इचारलं का त्यांनी?” पहिल्या गुरुवारी मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या गुरुवारी त्यांना हातानं गवताची उंची दाखवताना माझा हात तिथंच राहिला. मांडीपर्यंत आलं होतं. तीन वर्षं जे त्यांनी गुडघ्यांवर रांगून वाढवलं, ते माझ्या हातावरून मोजायची पाळी मी त्यांच्यावर आणली होती. घरी जाऊन जेवलो नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला काय सांगताय? जिथं गप्प बसलात, तिथं जाऊन बोला.”

ऑगस्टातल्या ग्रामसभेला साडू आले नव्हते, तिथं मी उठलो. काय बोलणार ते बसमध्ये सहा दिवस पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. हात थरथरत होते, घसा कोरडा. तेव्हा कळलं की आमचे साडू हे असं अंग घेऊन रोज जगतात, आणि तसल्या अंगानं त्या दिवशी ते उभे राहिले होते. मी म्हणालो, “पिवळी पोती मी भरली. त्यांना माहीतसुद्धा नव्हतं.” मग मला जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही. ठेकेदार बोलला, भावकी बोलली, माझ्याच शेजाऱ्यानं ‘तवा तोंड शिवलं व्हतं काय?’ विचारलं. सगळ्यांचं झाल्यावर आबा म्हणाले, “घाण्यावाल्याला गुरुवारी माळावर ये म्हनावं. इळा घरनं आनायचा.” कुणी नाही म्हणालं नाही.

बाहेर येऊन मी साडूंना फोन लावला. सगळं सांगितलं, सभेत काय बोललो तेही सांगितलं, आबांचा निरोपही दिला. ते म्हणाले, “साडूभाऊ, तुमाला कोन काय बोललं तर न्हाई ना?”

“नाही हो,” मी म्हणालो. “कुणी काही बोललं नाही.”